इर्जिकीची वही कुणी ठेवत नाही

लग्नाच्या मांडवात आहेर सुरू झाला की कुणाच्या तरी मांडीवर वही येते. नाव, गाव, रक्कम. कपडे असतील तर ‘टॉवेल-टोपी’, भांडं असेल तर भांडं. कार्य आटोपल्यावर वही ट्रंकेच्या तळाशी जाते आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की पुन्हा वर येते. त्यांनी एकशे एक घातले होते, मग आपण निदान तेवढे तरी घालायचे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कुठल्याही गावात अशी वही निघेल. पण याच गावांमध्ये देण्याची आणखी एक रीत होती, तिची वही कधीच नव्हती. मृगाचा पाऊस पडून रानाला वाफसा आलेला असायचा आणि एखाद्याचा बैल ऐन वेळी बसायचा किंवा घरचा कर्ता माणूस अंथरूण धरायचा. काळ्या रानात वाफसा जेमतेम काही दिवस टिकतो. तो गेला की पेरणी लांबते आणि हंगाम हातचा जातो. अशा वेळी गाव इर्जिक करायचं. सकाळी पाच-सात तिफणी त्याच्या रानात उतरायच्या, दिवस मावळेपर्यंत पेरणी उरकायची आणि रात्री त्या घरी सगळ्यांचं जेवण व्हायचं. कोण आलं होतं, कुणाच्या जोडीने किती तास काढले, हे कुणी लिहून ठेवत नसे.

आपल्या भाषेने या रीतींना शब्दही वेगवेगळे ठेवले आहेत. ‘सावड’ म्हणजे माणसाला माणूस आणि जोडीला जोडी; आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ‘उसनं’ म्हणजे ज्या मापाने नेलं त्याच मापाने परत. ‘इर्जिक’ या दोन्हींत बसत नाही, कारण तिथे परतफेडीचं मापच ठरलेलं नसतं. निःस्वार्थ देणं हा थोरामोठ्यांचा प्रांत आणि बाकीचे आपण व्यवहारी, अशी एक सोयीची समजूत आपण बाळगून असतो. मला ती पटत नाही. लहरी पावसाच्या मुलखात हिशेब न ठेवणं हीच व्यवहाराची शहाणी रीत ठरते, आणि तसं ठरूनही ते देणं खोटं होत नाही, असं गेल्या काही दशकांतलं संशोधन सुचवतं.

जीवशास्त्रज्ञांना देणं हे बराच काळ कोडं वाटत होतं. स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याला मदत करणारा प्राणी निवडीच्या चाळणीतून टिकेल कसा? विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 साली नातलगांपुरतं उत्तर दिलं: भावंडांना वाचवणारा आपल्याच जनुकांच्या प्रती वाचवत असतो. पुढे 1971 साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी बिननात्याच्या मदतीचा उलगडा केला. आज मी, उद्या तू, आणि जो परत देत नाही त्याला पुढच्या वेळी नकार. थोडक्यात, विज्ञानाला आधी आहेराची वही सापडली. इर्जिक त्या चौकटीत नीट बसत नव्हती. ज्याच्यावर लागोपाठ दोनदा संकट आलं त्याला दुसऱ्यांदा मदत का करायची, याला वहीकडे उत्तर नसतं. त्याची पहिलीच बाकी थकलेली असते.

याचा माग आफ्रिकेतल्या मसाई गुराख्यांकडे लागला. त्यांच्यात ‘ओसोतुआ’ नावाचं नातं असतं. ते जोडलेल्या माणसाकडे गरज पडली तरच मागायचं, गरजेपुरतंच मागायचं, आणि देणाऱ्याने स्वतःचं घर मोडणार नसेल तर द्यायचं. परतफेडीची भाषा तिथे वर्ज्य आहे. या शब्दाचा मूळ अर्थ नाळ. मराठीतही ज्याच्याशी आपला हिशेब नसतो त्याच्याशी नाळ जुळली असं आपण म्हणतो. योगायोग असेल, पण मजेशीर आहे. मानववंशशास्त्रज्ञ ली क्रॉंक, अथीना अक्तिपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नियम संगणकाच्या प्रारूपात घातले. कळपांवर रोगराई आणि दुष्काळ अचानक कोसळतील अशी सोय केली आणि एकट्याने राहणारी, कर्जाचा हिशेब ठेवणारी आणि गरज पाहून देणारी कुटुंबं किती काळ तग धरतात ते पाहिलं. 2011 आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत गरज पाहून देणाऱ्यांचे कळप जास्त काळ टिकले. संकट अनिश्चित आणि वारंवार येणारं असेल तर हिशेबी माणूस आधी बुडतो, कारण दुसरा फटका बसतो तेव्हा त्याची पत संपलेली असते.

आता जालन्याचा पाऊस पाहा. जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो; सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरीवर पिकं येत नाहीत. बदनापूरला धो-धो आणि अंबडला नुसतं आभाळ, हे तर नेहमीचंच. एकाच गावात ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, असंही होतं. म्हणजे यंदा कुणाचं रान हुकेल हे शेतकऱ्याच्या कर्तबगारीवर कमी आणि ढगावर जास्त अवलंबून. आज जो मागतोय तो आळशी म्हणून मागत नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. गरज पाहून देण्याला याहून सुपीक जमीन कुठली?

यावर केवळ प्रारूपांवर विसंबायची गरज नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांतल्या घरोघरच्या उत्पन्नाची आणि खर्चाची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कंझारा होतं. जालना या यादीत नाही, पण पावसाचा धाक तोच. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली ही आकडेवारी मांडली तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. एखाद्या घराचं उत्पन्न त्या वर्षी कोसळलं तरी त्या घरातलं खाणंपिणं त्या प्रमाणात कोसळत नव्हतं. ते गावाच्या सरासरीच्या आगेमागे चालत होतं. विम्याची कंपनी नाही, तरी विमा चालू होता. त्यातला काही भाग घरातल्या साठ्याचा आणि सावकाराच्या कर्जाचा असणार, सगळं श्रेय उदारपणाला देता येत नाही. टाउनसेंड यांना आणखी एक गोष्ट दिसली. एका गावात भूमिहीनांपर्यंत ही ऊब पुरेशी पोहोचत नव्हती. तिकडे मी पुन्हा येणारच आहे.

आधी नेहमीचा आक्षेप. हा जर विमा असेल तर त्याला निःस्वार्थ कशाला म्हणायचं? शेवटी फायदाच ना! इथे दोन प्रश्नांची गल्लत होते: एखादी सवय माणसात का टिकली हा एक, आणि या क्षणी माणूस ती का पाळतो हा दुसरा. भूक शरीर जगवण्यासाठी टिकली, म्हणून ठेचा-भाकरी खाणारा उष्मांकांचा विचार करत नसतो. देण्याचंही तसंच. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 साली अठरा महिन्यांच्या 24 मुलांसमोर एक अनोळखी माणूस उभा केला. त्याच्या हातून वस्तू पडायची आणि ती घ्यायला हात पुरायचा नाही. 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. ना शाबासकी, ना खाऊ. दोन वर्षांनी त्यांनी उलट प्रयोग केला. मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. म्हणजे हिशेब शिकवावा लागतो, आणि शिकवला की मूळची ओढ थोडी मरते. जो तिफण घेऊन शेजाऱ्याच्या रानात उतरला त्याच्या डोक्यात परताव्याचं गणित नव्हतं. ते गणित पिढ्यान् पिढ्या हवामानाने करून ठेवलं होतं.

दुसरा आक्षेप लबाडांचा. वहीच नाही म्हटल्यावर फुकटे माजतील. तसे ते माजत का नाहीत याचं उत्तर गावाच्या उघडेपणात आहे. बैलांच्या फासळ्या दिसतात, कणगीत किती दाणा आहे याचा अंदाज असतो, कोण इर्जिकीला येतो आणि कोण नेमका त्याच दिवशी बाजाराला जातो हे चावडीवर सगळ्यांना ठाऊक असतं. वही नसते, पण नजर असते. उलट, संपत्ती जिथे दिसेनाशी होते तिथे ही रीत ढिली पडते. खात्यातली शिल्लक शेजाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे गरज खरी की सोंग हे ठरवता येत नाही. त्यातच ट्रॅक्टर आला. तो तासाच्या भावाने पेरतो आणि संध्याकाळी हिशेब चुकता होतो. इर्जिक ओसरली ती माणसं वाईट झाली म्हणून, असं हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. बैलजोड्या कमी झाल्या आणि वाफशाची घाई यंत्राने भागवली, हे कारण जास्त साधं आणि बहुधा जास्त खरं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. शेजाऱ्याचा बैल बसला तर आपण जाऊ. पण सगळ्या गावाची विहीर आटली तर? 1972 साली आणि पुन्हा 2012-13 साली जालन्यात हेच झालं. वर्षानुवर्षं लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा त्या दुसऱ्या दुष्काळात उभ्या वाळल्या. खोडांना कुऱ्हाड लावून सरपण करण्याची पाळी आली. एकाच छत्रीखाली सगळेच भिजत असतील तर छत्री देणार कोण? त्यावर माणसांनी काढलेला तोडगा म्हणजे नात्याची लांबी वाढवणं. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 साली ‘इक्रिसॅट’च्याच आकडेवारीवरून दाखवलं, की ज्या घरांचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं ती घरं मुली लांबच्या गावी देतात आणि त्या सोयरिकींमुळे वाईट वर्षातही ताटातलं अन्न फारसं कमी होत नाही. टंचाईत जनावरं पाण्याच्या भागातल्या पाहुण्यांकडे पोहोचवण्याची आपली जुनी चाल याच जातीची. पण लेकीला लांब देताना या विम्याचा हप्ता कोण भरतंय, हे आकडेवारीत दिसत नाही. इर्जिकीच्या रात्री वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापतं, हेही नाही.

आणि जात. मॉरिझिओ माझोको आणि शिव सैनी यांनी 2012 साली तीच गावं पुन्हा तपासली तेव्हा संकट पूर्णपणे वाटून घेण्याची खूण गावाच्या पातळीवर मिळाली नाही, जातीच्या पातळीवर मिळाली. गावगाड्याचं गुणगान करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. भाऊबंदकीची ऊब वेशीबाहेरच्या वस्तीला मिळत नव्हती. तिथल्या माणसाला मिळायचं ते उपकार म्हणून किंवा कामाच्या मोबदल्यात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. गरज पाहून देण्याची तीच रीत, फक्त तिच्यातून ‘कोणाचा कोण’ हा प्रश्न वगळलेला. खडी फोडायला येणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही, काम मागितलं की द्यायचं. कायद्याने दिलेलं ते देणं नव्हे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की मनाने जिथपर्यंत पोहोचायचं ते अंतर कधी वाढलं होतं का?

जालना तालुक्यातल्या कडवंची गावात या सगळ्याची जमिनीत उतरलेली परीक्षा पाहायला मिळते. 1996 ते 2002 या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांच्या पुढाकाराने तिथे माथा ते पायथा काम झालं. विजयअण्णा बोराडे यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या त्या कार्यक्रमाच्या अटी. चराईबंदीने शेळ्या राखणाऱ्याचं रोजचं रान गेलं, तेही देणंच, फक्त त्याचा सत्कार होत नाही. माथ्यावरच्या शेतकऱ्याने बांध घातला तर त्याच्या रानात मुरलेलं पाणी तिथेच थांबत नाही. इथला खडक काळा पाषाण, वर मुरूम आणि खाली भेगाळलेले थर; पाणी त्या भेगांमधून उताराकडे सरकतं आणि दुसऱ्याच कुणाच्या विहिरीत वर येतं. कुणाच्या बांधाचं पाणी कुणाच्या पोहऱ्यात आलं याची वही ठेवू म्हटलं तरी ठेवता येत नाही. खडकच हिशेब पुसून टाकतो. तरी लोकांनी बांध घातले, आणि पुढे कडवंची द्राक्षांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

त्यानंतर मराठवाड्यात जागोजागी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी झाली. पावसाचं पाणी अडवायला म्हणून खोदलेली ही तळी बऱ्याच ठिकाणी विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरली जातात, असं अभ्यासकांनी लिहिलं आहे. ज्याने तळं केलं त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या बागेत लाखोंचं भांडवल उभं असतं आणि मे महिना त्यालाही माहीत असतो. फक्त मुरमात असेपर्यंत जे पाणी कुणाचंच नव्हतं, ते कागदावर आलं की लिटरने मोजता येतं, आणि तळ्याभोवती तारेचं कुंपण असतं.