हरभऱ्याची मर आणि जमिनीतले उपकारक जीवाणू

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



खोडवा मोडला की फेरपालटीला हरभरा किंवा तूर घ्या, असे शेतकी विभाग दरवर्षी सांगतो. केडगाव गटात त्यावर ठरलेले उत्तर मिळते, "साहेब, हरभरा उभ्याउभ्या मरतो. त्यापेक्षा ऊसच बरा." तक्रार खोटी नाही. पण उसावर ऊस आणि वर भरमसाट पाणी दिल्याने काळी रानं चोपण होत चालली आहेत, हेही तितकेच खरे. म्हणून फेरपालट न सोडता मर कशी आवरावी, हे या लेखात पाहू.

मर कशाने होते?

फ्युजेरियम नावाची बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. ओल असूनही झाड सुकते. तुरीवरील या बुरशीचे वर्णन बटलर या शास्त्रज्ञाने १९१० सालीच केले होते. हरभऱ्यावरील बुरशी पीक नसतानाही सहा-सहा वर्षे जमिनीत तग धरते. त्यामुळे एक-दोन वर्षे रान पालटून ती जात नाही, आणि झाड सुकल्यावर वरून फवारा मारून तर काहीच साधत नाही.

आधी रोग ओळखा. सुकलेले झाड उपटून खोड व मूळ उभे चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर समजावी. झाड अलगद हातात आले आणि मुळे कुरतडलेली असली तर ती हुमणी. बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीसारखे दाणे दिसले तर ती मानकूज. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जीवाणू काय करतात?

ॲसिटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया आपल्यातील बऱ्याच जणांना माहीत आहे. तो जीवाणू नत्र मिळवून देतो. तसेच मुळांचे रक्षण करणारेही जीवाणू आहेत. त्यांत स्यूडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे दोन मुख्य. त्यांचे काम चार प्रकारे चालते.

१) मुळांभोवतीची जागा व अन्न ते आधीच पटकावतात.
२) बुरशीला मारक असे पदार्थ सोडतात.
३) जमिनीतले लोह पकडून ठेवतात. लोहावाचून बुरशीची वाढ खुंटते.
४) झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात.

यातले तिसरे काम आपल्या भागाला विशेष लागू आहे. चुनखडीच्या रानात खोडवा केवडा पडतो, तो लोह असूनही मुळांना मिळत नसल्यामुळे. अशा जमिनीत लोहाची ओढाताण मोठी असते, आणि त्या ओढाताणीत स्यूडोमोनास बुरशीला भारी पडतो. लोह पकडणारा त्याचा पिवळट हिरवा रंगद्रव अतिनील प्रकाशात चमकतो, त्यावरूनच 'फ्लुरोसन्स' हे नाव पडले.

फ्रान्समध्ये शातोरनार येथील काही जमिनींत मरीची बुरशी असूनही पिके फारशी मरत नाहीत. तपासणीत आढळले, की तिथल्या जमिनीतले इतर सूक्ष्मजीवच तिला दाबून ठेवतात. तीच माती तापवून निर्जंतुक केली की हा गुण नाहीसा होतो.

वापर कसा करावा?

बीजप्रक्रिया : एक किलो बियाण्यास स्यूडोमोनासची १० ग्रॅम भुकटी गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावी. रायझोबियम लावायचे असल्यास ते सर्वांत शेवटी लावावे. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

जमिनीतून : एकरी एक किलो भुकटी २० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना द्यावी.

जाण : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण आणि विपुला ही तूर मरीला दाद देत नाहीत. रोगाच्या रानात वाणाची निवड पहिली, जीवाणू त्याच्या जोडीला.

पेरणी : बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान पेरावा. ऑक्टोबरच्या उन्हात घाईने पेरलेला जास्त मरतो. पाणी बेताचे द्यावे, सरीत तुंबू देऊ नये.

हे विसरू नका

जीवाणू हे जिवंत असतात. पाकीट घेताना अंतिम तारीख पाहा. गाडीच्या डिकीत उन्हात दिवसभर राहिलेले स्यूडोमोनासचे पाकीट म्हणजे नुसती शंखजिऱ्याची पूड. बॅसिलस बीजाणू करतो म्हणून तो थोडा जास्त तग धरतो. रासायनिक बुरशीनाशक किंवा रासायनिक खतात जीवाणू मिसळू नयेत.

जीवाणू सुकलेले झाड उठवत नाहीत. ते आधी करायचे राखणीचे काम आहे. पहिल्याच हंगामात सगळी मर थांबेल, असेही कोणी समजू नये. जमिनीत शेणखत, पाचट असेल तरच त्यांचा संसार टिकतो. म्हणून पाचट पेटवू नका. ते सरीत कुजवले तर पुढच्या हरभऱ्यालाही त्याचा लाभ होईल.

यंदा सगळे रान एकदम घालू नका. दहा गुंठ्यांत प्रक्रिया करा, शेजारी दहा गुंठे तसेच पेरा आणि महिन्याने दोन्हीकडची सुकलेली झाडे मोजा. आकडे गट कार्यालयात आणून द्यावेत. त्यावरून पुढच्या वर्षीचा सल्ला अधिक नेमका देता येईल.