नऊ वॅटचा दिवा आणि ओलं अंगण

"एलईडीच तर आहे, नऊ वॅटचा. त्यानं काय होतंय!" फाटकाजवळ दिवा लावायचं ठरलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. नऊ वॅटचा दिवा बिलाला हलका, एवढंच खरं. त्याच्या तारेतही गिझरच्या तारेतलेच २३० व्होल्ट असतात, आणि अंगणात पायाखाली कोरडी फरशी नसते.

"एमसीबी आहे ना, लगेच पडेल." सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. दिव्यांच्या लाईनवर ती सहसा ६ ते १० अँपिअरची असते. वीज उतरलेल्या लोखंडी खांबाला ओल्या हातानं, अनवाणी कुणी धरलं, तर त्याच्या अंगातून जाईल फार तर पाव अँपिअरच्या आसपास. एमसीबी ढिम्म हलणार नाही. माणसाचा जीव मात्र त्याहून कमी प्रवाहानंही जाऊ शकतो.

त्यासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पुरती परत आली का, हे ती सतत पडताळते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या तफावतीलाच सेकंदाच्या अंशात वीज तोडते. पुष्कळदा होतं काय, की बाहेरच्या दिव्याला फेज एका लाईनचा आणि न्यूट्रल हाताशी सापडला म्हणून भलत्याच लाईनचा जोडतात. दिवा लावला की आरसीसीबी पडते, मग "हीच खराब आहे" म्हणून तिलाच बायपास करतात. चोर सोडून रखवालदाराला काढून टाकण्याचाच हा प्रकार!

आरसीसीबी बसवली म्हणून अर्थिंग नको, असंही नाही. अर्थिंग नसेल तर धातूच्या खांबात उतरलेली वीज बऱ्याचदा कुणीतरी हात लावेपर्यंत कळतच नाही. हिरवी वायर खांबाला जोडलेली असेल, तर आरसीसीबी आधीच पडते.

काळ्या टेपवर लोकांचा भारी विश्वास. उन्हानं तिचा चिकटपणा जातो आणि पहिल्याच पावसात जोडात पाणी शिरतं. बाहेरचा जोड बंद, पाणीरोधक जंक्शन बॉक्समध्येच हवा. दिव्यावर 'आयपी ६५' लिहिलं म्हणजेही सगळं भागत नाही. तो आकडा धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाऊ न देण्याबद्दलचा आहे. वायरच्या भोकातली ग्लँड सैल राहिली तर त्याला काही अर्थ नाही. वायर खालून आत घ्यावी आणि त्याआधी तिला थोडा झोल द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकून जातं.

दिवाळीत रिळावरून कापून मिळणाऱ्या एलईडी पट्टीला अनेकजण १२ व्होल्टची समजतात. त्यांतल्या बऱ्याच थेट २३० व्होल्टवर चालतात. अशा पट्टीच्या कापलेल्या टोकाला टोपी नसेल तर तिथले तांब्याचे ठिपके जिवंत असतात, आणि गॅलरीच्या कठड्यावर ते नेमके लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर येतात.