वापरलेली विद्युत अवजारे : खरेदी, दुरुस्ती आणि सुरक्षितता

शेतीतील यंत्रांची संख्या वाढली तशी त्यांच्या किरकोळ दुरुस्तीची गरजही वाढली. नांगराच्या फाळाला धार लावणे, रोटाव्हेटरचे गंजून अडकलेले बोल्ट कापणे, ट्रॉलीच्या बिजागराला छिद्र पाडणे, शेडनेटच्या सांगाड्याचे पाइप मापात कापणे ही कामे वर्षभर निघतात. ऐन पेरणीच्या दिवसांत अशा एका कामासाठी तालुक्याच्या गावी जावे लागले, तर पूर्ण दिवस मोडतो. त्यामुळे अनेक शेतकरी अँगल ग्राइंडर, हातड्रिल आणि मार्बल कटर स्वतःजवळ ठेवू लागले आहेत. नवे अवजार परवडत नसेल, तर बंद पडलेल्या कारखान्यांतून, ठेकेदारांकडून किंवा शहरांतील जुन्या बाजारांतून वापरलेले अवजार घेतले जाते.

असे अवजार घेणे चुकीचे नाही. चांगल्या बनावटीची मोटर योग्य देखभालीवर दीर्घकाळ काम देते आणि तिचे झिजणारे भाग बहुतांशी बाजारात मिळतात. चूक होते ती दुसऱ्याच ठिकाणी. बटण दाबताच अवजार फिरू लागले, की ते दुरुस्त झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात ज्या ड्रिलच्या धातूच्या आवरणात विजेची गळती आहे, तेही उत्तम फिरते. ज्या ग्राइंडरचे गार्ड काढून टाकले आहे, तोही लोखंड कापतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम विजेपासून संरक्षण, नंतर मोटर व यांत्रिक भाग, आणि सर्वांत शेवटी रंगरंगोटी.

खरेदीपूर्वी पाहणी

सर्वप्रथम अवजारावरील माहितीपट्टी वाचावी. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा आहे. परदेशातून आलेल्या जुन्या मालात ११० ते १२० व्होल्टची अवजारेही आढळतात. ती थेट आपल्या पुरवठ्याला जोडल्यास मोटर काही क्षणांत जळते. माहितीपट्टी काढून टाकलेली किंवा अनुक्रमांक खरवडलेला असल्यास ते अवजार घेऊ नये. व्होल्टेज व वेग कळत नाही हा त्यातील एक धोका. माल चोरीचा असण्याची शक्यता हा दुसरा.

त्यानंतर वीज न जोडता तीन गोष्टी पाहाव्यात. शाफ्ट हाताने फिरवून तो खरखरतो किंवा अडकतो का, हे तपासावे. शाफ्ट आडवा हलवून बेअरिंगमधील ढिलेपणा जाणून घ्यावा. शेवटी हवेच्या झरोक्यांजवळ वास घ्यावा. जळलेल्या वार्निशचा उग्र वास वाइंडिंग एकदा तरी अतितापल्याची खूण असतो. असा वास येत असल्यास, अवजार फिरत असले तरी रिवाइंडिंगचा खर्च गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

पहिली कसोटी विजेच्या धक्क्याची

विद्युत अवजारांचे संरक्षणाच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बाहेरील धातूचे आवरण अर्थिंगला जोडलेले असते. जुनी, जड, धातूच्या आवरणाची ड्रिल यंत्रे बहुधा या प्रकारात मोडतात. त्यांना तीन तारांची केबल आणि तीन पिनांचा प्लग अनिवार्य आहे. दुसऱ्या प्रकारात दुहेरी इन्सुलेशन असते. एका चौकोनात दुसरा चौकोन ही त्याची खूण माहितीपट्टीवर छापलेली असते. त्याला अर्थिंगची तार नसते आणि दोन तारांचीच केबल योग्य ठरते.

वापरलेल्या अवजारांत सर्वाधिक आढळणारा व सर्वांत घातक दोष म्हणजे पहिल्या प्रकारच्या अवजाराला बसवलेली दोन तारांची केबल. मूळ केबल तुटल्यावर हाताशी असलेली तार जोडून काम भागवलेले असते. आतील इन्सुलेशन शाबूत असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ते निकामी झाले की संपूर्ण आवरणात वीज उतरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असे ड्रिल असेल, तर वीज त्याच्या शरीरातून जमिनीकडे वाहते. हाताचे स्नायू आखडल्यामुळे ते सोडताही येत नाही. त्यामुळे केबलबाबत कोणतीही तडजोड करू नये. जोड दिलेली, टेप गुंडाळलेली किंवा भेगाळलेली केबल पूर्ण बदलावी. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगचीच असावी आणि ती आवरणाला स्क्रूने घट्ट जोडलेली असावी. प्लगची अर्थ पिन आणि आवरण यांमधील रोध मल्टीमीटरवर एक ओहमपेक्षा कमी दिसला पाहिजे.

इन्सुलेशनची परीक्षा मात्र मल्टीमीटरने होत नाही. त्याच्या बॅटरीचा दाब फार कमी असल्याने कमकुवत इन्सुलेशनही त्यावर चांगले दिसते. यासाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरावा. अवजार पुरवठ्यापासून पूर्ण वेगळे करून त्याचे बटण चालू स्थितीत ठेवावे. प्लगच्या फेज व न्यूट्रल पिना एकत्र जोडून त्या आणि शाफ्ट किंवा धातूचे आवरण यांमधील रोध मोजावा. सुस्थितीतील अवजारात तो दहा-वीस मेगाओहम किंवा त्याहून बराच जास्त मिळतो. तो २ मेगाओहमपेक्षा कमी असेल, तर अवजार वापरू नये. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या अवजाराचा रोध केवळ दमटपणामुळेही घटतो. अशा वेळी ते उघडून, आतील धूळ कोरड्या हवेने काढून, काही दिवस कडक उन्हात सुकवावे व पुन्हा मोजावे. रोध वाढला तर दोष ओलाव्याचा होता. न वाढल्यास तो वाइंडिंगमध्ये किंवा साचलेल्या कार्बनच्या भुकटीत शोधावा.

मोटर समजून घेताना

हातातील बहुतेक विद्युत अवजारांत युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यात स्थिर फील्ड कॉइल आणि फिरणारे आर्मेचर एकाच मालिकेत जोडलेले असतात. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवण्याचे काम दोन कार्बन ब्रश करतात. ते कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर सतत घासत असल्याने त्यांची झीज हा दोष नसून नेहमीचा परिणाम आहे. लहान आकारात मोठी शक्ती देणे हे या मोटरचे वैशिष्ट्य आणि नियमित देखभाल ही तिची अट आहे.

ब्रशची लांबी मूळच्या एक-तृतीयांशावर आली, की दोन्ही ब्रश एकाच वेळी बदलावेत. नवा ब्रश खाचेत सहज सरकला पाहिजे. अडकत असल्यास त्याची बाजू हलकेच घासावी. खाच मोठी करू नये. ब्रश बसवल्यावर अवजार काही मिनिटे भाराविना चालवावे, म्हणजे त्याचे टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे बसते.

कॉम्युटेटर एकसारखा तपकिरी दिसत असेल, तर तो निरोगी समजावा; त्याला चकाकी आणण्याची गरज नाही. काळे डाग पडले असल्यास बारीक सँडपेपरने ते काढावेत. लोखंडासाठीचा एमरी कागद वापरू नये. त्याचे कण पट्ट्यांमधील फटींत अडकून विजेला वाट करून देऊ शकतात. या फटींतील अभ्रक तांब्याच्या पातळीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर खाली असावा. पट्ट्यांवर खोल चर पडले असतील, तर आर्मेचर लेथवर देऊन तेवढाच पृष्ठभाग सारखा करून घ्यावा.

ब्रशजवळ उडणाऱ्या ठिणग्यांवरून निदान करता येते. बारीक, निळसर आणि जागच्या जागी उमटणारी ठिणगी सामान्य असते. कॉम्युटेटरभोवती अग्नीचे कडे फिरताना दिसल्यास आर्मेचरच्या एखाद्या वेढ्यात शॉर्ट झालेला असतो किंवा एखादे टोक सुटलेले असते. अशा वेळी ब्रश बदलून उपयोग होत नाही. आर्मेचर वाइंडरकडून ग्राउलरवर तपासून घ्यावे.

बेअरिंग आणि गिअर

बेअरिंगचा क्रमांक त्याच्या कडेवर कोरलेला असतो. ६०८ म्हणजे ८ मिलिमीटर आतील व्यासाचे, तर ६२०१ म्हणजे १२ मिलिमीटर आतील व्यासाचे बेअरिंग. धुळीच्या कामासाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे. ते शाफ्टवर बसवताना दाब केवळ आतील कड्यावर द्यावा. बाहेरील कड्यावर हातोडी मारल्यास नव्या बेअरिंगच्या गोळ्यांखालीच खड्डे पडतात आणि ते लवकरच आवाज करू लागते. ढिले बेअरिंग वेळीच न बदलल्यास आर्मेचर फील्डला घासते आणि थोडक्यात होणारी दुरुस्ती संपूर्ण मोटरवर जाते.

गिअर बॉक्समधील जुने, काळे पडलेले ग्रीस रॉकेलने धुऊन काढावे. मात्र रॉकेल किंवा पेट्रोल वाइंडिंगपर्यंत जाऊ देऊ नये. गिअर बॉक्स ग्रीसने ठासून भरू नये, सुमारे अर्धा भरावा. जादा ग्रीस तापून मोटरच्या बाजूला उतरते. दातांची झीज झाली असल्यास गिअरची जोडी बदलावी, एकच चाक बदलू नये.

पहिली सुरुवात दिव्याच्या मालिकेत

जोडणी पूर्ण झाल्यावर अवजार थेट पुरवठ्याला न लावता २०० वॅटच्या तारेच्या दिव्याबरोबर मालिकेत लावावे. दिवा प्रवाहाला मर्यादा घालतो. त्यामुळे आत शॉर्ट राहिला असला, तरी भडका उडत नाही. दिवा पूर्ण प्रकाशाने पेटला आणि मोटर जागची हललीच नाही, तर जोडणी पुन्हा तपासावी. मोटर संथ फिरू लागली व दिवा किंचित मंदावला, तर थेट पुरवठ्यावर भाराविना चाचणी घ्यावी. त्या वेळी ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच मार्गात असलाच पाहिजे. हे उपकरण अर्थिंगला पर्याय नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास ते संरक्षणही देत नाही. तथापि जमिनीकडे होणारी गळती ते तत्काळ तोडते.

ग्राइंडरबाबत विशेष दक्षता

१०० मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्या वेळी चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. या वेगाने फुटलेला चकतीचा तुकडा चेहऱ्याकडे येऊ न देण्याचे काम गार्ड करते. म्हणून गार्ड नसलेला ग्राइंडर, मोटर कितीही चांगली असली तरी, अपुरा समजावा.

चकतीवर छापलेला कमाल वेग अवजाराच्या वेगापेक्षा जास्त असावा. चकतीच्या मधल्या कड्यावरील मुदत संपली असल्यास ती टाकून द्यावी. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढणे आणि ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. दातेरी पाते लाकडात अडकले, की संपूर्ण ग्राइंडर हातातून उसळतो. कापण्याच्या पातळ चकतीच्या सपाट बाजूने घासकाम करू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. सैल बाही, उपरणे, ओढणी किंवा पदर चकतीच्या जवळ येऊ देऊ नये.

ग्रामीण वीजपुरवठ्याचा विचार

कृषिपंप चालू असताना दाब घटतो. युनिव्हर्सल मोटर अशा वेळी मंदावते, काम करणारा अधिक जोर देतो, प्रवाह वाढतो आणि त्याच वेळी थंडावा देणारा पंखाही संथ झालेला असतो. अनेक आर्मेचर अशाच रीतीने जळतात. बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन केबल या त्रासात भर घालते. ३० मीटर अंतरासाठी किमान १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरावी आणि ती गुंडाळीवरून पूर्ण सोडावी.

बटण चालू स्थितीत अडकवण्याची सोय भारनियमनाच्या भागात विशेष धोक्याची आहे. वीज गेल्यावर अवजार खाली ठेवले जाते आणि वीज परतताच ते आपोआप फिरू लागते. वीज जाताच प्लग काढण्याची सवय लावावी. बोट काढल्यावर परत न येणारे बटण बदलल्याशिवाय अवजार वापरू नये.

कधी थांबावे

लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत नव्या अवजाराच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्ती सहसा परवडत नाही. आर्मेचर व फील्ड दोन्ही जळलेली असणे, आवरणाला तडा जाणे किंवा मूळ मापाचे गार्ड न मिळणे ही कारणे थांबण्यास पुरेशी आहेत. असे अवजार सुट्या भागांसाठी ठेवावे. मात्र त्याची केबल कापून टाकावी, म्हणजे ते कोणी नकळत पुन्हा वापरणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार भाडेकेंद्रात एकच अवजार अनेक हातांतून जाते. तेथे प्रत्येक अवजाराची नोंदवही ठेवावी व मेगरवरील वाचन, ब्रश बदलल्याची तारीख आणि केबलची स्थिती दर सहा महिन्यांनी नोंदवावी. एक तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर अवश्य व्हावी. प्रत्येक शेतकऱ्याने मेगर विकत घेण्याची आवश्यकता नाही. कृषि विज्ञान केंद्र किंवा जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने खरिपापूर्वी एक दिवसाचे तपासणी शिबिर घेतल्यास गावातील सर्व अवजारे एकाच ठिकाणी तपासता येतात. शिबिरात उत्तीर्ण अवजारावर तारखेची चिठ्ठी लावावी. अनुत्तीर्ण अवजार परत देताना त्यातील दोष मालकाला प्रत्यक्ष दाखवावा. मेगरचा काटा शून्याकडे गेलेला आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर, चालू अवस्थेतील ड्रिलही बाजूला का ठेवायचे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.