सेवेला गेलेला भाऊ घरी येतो तेव्हा

मालेगाव (जि. वाशीम) : सोयाबीन घरात आले, तूर अजून उभी आहे, अशा दिवसांत आपल्या तालुक्यात पाहुण्यांची ये-जा वाढते. एखाद्या घरी येणारा पाहुणा मात्र वेगळा असतो. असतो घरचाच मुलगा, पण दहा-बारा वर्षे बाहेर राहिलेला. कोणी चीवर घेऊन विहारात, कोणी आश्रमात, कोणी मिशनच्या दवाखान्यात, तर कोणी आदिवासी मुलांच्या वसतिगृहात. तो येणार म्हटले की अंगण सारवले जाते, दारात मांडव पडतो, लेकीबाळी माहेरी येतात. नागपूर-संभाजीनगर रस्त्यावर गाडीतून उतरला की भाऊबंद हातातली पिशवी काढून घेतात. मग शाल-श्रीफळ, पंगत, सरपंचांचे चार शब्द. म्हातारी आई मात्र सत्काराची वाट पाहत नाही. "काहून रे बाप्पा, इतका वायला?" हे ती आधीच विचारून मोकळी होते.

वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. त्यानंतर एखादे भन्तेजी स्वतःच्या गावी आले तर तो सोहळा पाहण्यासारखा असतो. पोटचा मुलगा उंच आसनावर आणि आई-बाप खाली बसून त्याला वंदन करतात. भोजनदान दुपारी बाराच्या आत उरकावे लागते, म्हणून घरातल्या बाया पहाटेपासून चुलीपाशी. ज्याच्या पाठीत लहानपणी धपाटे घातले, त्याला आता नाव घेऊन हाकही मारता येत नाही. हे जमायला आईला दोन दिवस लागतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ आयांना ते जमतच नाही.

मिशन म्हटले की आपल्याकडे वाशीमचे मिशन हॉस्पिटल आठवते. अमेरिकेच्या नाझरीन चर्चने १९३८ साली सुरू केलेला हा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना. आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे तिथे झाली. पण तिकडून इकडे आलेल्या डॉक्टर बाईंचे, नर्सबाईंचेही कुठेतरी घर होते आणि त्या घरी वाट पाहणारे कोणीतरी होते, हे आपल्या कधी मनात आले नाही. आपल्यापुरती ती माणसे म्हणजे फक्त दवाखाना.

आपल्याच तालुक्यातल्या शिरपूर जैन येथे २०२२ साली आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास झाला. ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, म्हणजे सीमाभागातले. १९६८ साली अजमेरला त्यांनी मुनिदीक्षा घेतली. त्यांच्या बाबतीत परत येण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण पुढे आई, वडील आणि भावांनीही दीक्षा घेतली. मुलगा घरी आला नाही. घरच त्याच्या मागे निघाले. असे हजारात एखाद्या घरीच घडते. बाकीच्या घरांत एक जण जातो आणि उरलेल्यांना शेत धरून राहावे लागते.

अशा घराची खरी गोष्ट वाचायची तर धर्मानंद कोसंबींची वाचावी. १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. प्रकृतीमुळे शाळा अर्धवट राहिली आणि घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. म्हणजे मुळात ते आपल्यासारखेच, झाडे आणि गडी सांभाळणारे. १८९७ साली 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. गंमत अशी की हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. त्या लेखाने त्यांना वेड लावले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक.

पुणे झाले, ग्वाल्हेर झाले, काशी झाली. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, बोधगया, मग १९०२ साली सिलोन. तिथे ते श्रामणेर झाले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. त्या काळी हा प्रवास म्हणजे मागून खाण्याचा. पोस्टाने एखादे पत्र गेले तर गेले. घरी बसलेल्या बाईला नवरा कोणत्या मुलखात आहे, हे कळायलाही महिने लागत असतील.

१९०६ साली ते कलकत्त्यात होते. भिक्षूची वस्त्रे उतरवून त्यांनी तिथे पाली शिकवायला घेतले आणि त्याच वर्षी ते गोव्याला घरी आले. जवळजवळ सात वर्षांनी. जी मुलगी पाळण्यात सोडून गेले ती आता सातव्या वर्षाला टेकलेली, बापाला ओळखत नसलेली. आपल्या पंगतीला असा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. बापाच्या गळ्यात हार पडतो आहे आणि पोर आईच्या पदराआडून विचारते आहे, हा कोण? १९०७ च्या जुलैत त्यांना मुलगा झाला, दामोदर. पुढे गणितात आणि इतिहासात ज्यांचे नाव झाले ते हेच डी. डी. कोसंबी.

घर पुन्हा उभे राहिले, पण काम सुटले नाही. कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये घेतले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा, यासाठी ही पदरमोड. १९१० साली हार्वर्डला गेले, १९१२ साली फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९१८ साली माणिक आणि दामोदर यांना घेऊन पुन्हा अमेरिकेला. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. म्हणजे घर धरून राहण्याची पाळी दुसऱ्यांदा त्यांच्यावरच आली. बाळाबाईंचा सत्कार कुठे झाल्याचे निदान आमच्या वाचनात नाही.

याच कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या पुस्तकात एक गोष्ट आवर्जून मांडली आहे. गौतम मध्यरात्री कोणाला न सांगता निघून गेला, ही कथा त्यांना मान्य नाही. आई-बाप रडत असताना, त्यांच्या समोर तो घराबाहेर पडला, असे ते जुन्या पाली सुत्ताच्या आधाराने सांगतात. त्यांच्या 'बोधिसत्त्व' नाटकात तर घर सोडण्याचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आहे. पाण्याचा तंटा म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कोसंबींचा शेवट आपल्या विदर्भातच झाला, ४ जून १९४७ रोजी, सेवाग्रामला.

आता गोव्याहून पुन्हा मालेगावला येऊ. पंगत उठली, लेकीबाळी सासरी गेल्या, की घरात एक विषय हळूच निघतो. सेवेला गेलेल्याच्या हिश्श्याचे काय? बारा वर्षे त्याचा तुकडा धाकट्या भावाने वाहिला, बियाणे-खताचे पैसे त्यानेच भरले, आई-बापाचे दुखणेपाणीही त्यानेच केले. गावात सर्रास बोलतात, "तो तं साधू झाला, त्याचा काय हिस्सा?" हे बरोबर नाही. नुसते बाहेर राहिल्याने किंवा वेगळी वस्त्रे घातल्याने वारसाहक्क जात नाही. धर्म बदलला तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात त्या माणसाचा स्वतःचा हक्क शाबूत आहे. रीतसर, विधिपूर्वक संन्यास घेऊन ज्याने संसार पूर्ण सोडला, त्याचे शास्त्र वेगळे. पण तसे झाले हे सिद्ध करावे लागते.

वडील वारले असतील तर वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. त्या वेळी बाहेरच्या भावाचे नाव गाळून फेरफार ओढला तर पुढे हमखास वाद होतो, कारण नुसत्या फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. भावाला खरोखर आपला हिस्सा सोडायचा असेल तर तोंडी शब्द किंवा कोऱ्या कागदावरची सही चालत नाही. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. सोडायचा नसेल, तर आजवरच्या खर्चाचा आणि आई-बापाच्या सेवेचा हिशेब दोघांनी समोरासमोर बसून करावा. वहिनीलाही त्या बैठकीत बसवावे; हंगामात निंदणाला तीच गेली होती.

पाहुणा एरवी आठ दिवसांवर राहत नाही, आणि पुन्हा कधी येईल हे त्यालाही सांगता येत नाही. हरभऱ्याच्या पेरणीची घाई असतेच. तरी त्या आठ दिवसांतली एक सकाळ काढून दोघा भावांनी सोबत सात-बारा आणि आठ-अ चा उतारा काढावा, आणि आईला तो वाचून दाखवावा.