कोरड्या लातूरमध्ये तारा कळकतात कशा?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात गच्चीवरच्या बंद पेटीतली इंटरनेटची जोडणी पाण्यानं खराब होते, असं कुणी म्हटलं तर खरं वाटेल? आम्हालाही वाटलं नव्हतं. मग लातूरजवळच्या एका शाळेची अशी पेटी उघडून पाहिली. झाकणाच्या कडा सिलिकॉन लावून बंद केलेल्या, आणि आत मात्र तळाशी पाणी व केबलच्या टोकाला हिरवा थर!

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तेव्हा दिसतो तोच हा रंग, तांब्याच्या क्षारांचा. केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या आठ बारीक पट्ट्या असतात. त्यांवर निकेल, आणि त्यावर सोन्याचा मुलामा. चांगल्या कनेक्टरवरही तो जेमतेम सव्वा मायक्रॉन जाड असतो. स्वस्तात त्याहून पातळ. काढघाल करताना तो खरवडला जातो. उघडं पडलेलं तांबं, शेजारी सोनं आणि वर ओलावा, की झाला इवलासा विद्युतघट तयार. त्यात झिजतं ते तांबं.

पण पाणी आलं कुठून? पेटी श्वास घेते, हे त्याचं उत्तर. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, म्हणजे ३०० केल्व्हिनची ३३० झाली, तर ती एक दशांशानं प्रसरण पावते. दहा लिटरच्या पेटीतून साधारण लिटरभर हवा बाहेर पडते, आणि पेटी निवली की तेवढीच आत येते. झाकणाच्या फटींतून येते, केबलच्या आवरणाखालच्या पोकळीतूनही येते. जुलैत तापलेल्या पेटीवर सर आली, तर फटीवर साचलेलं पाणीच आत ओढलं जातं. शिवाय ३० अंशांना घनमीटरभर हवेत ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना १७. दमट हवा रात्री गार झाली की उरलेल्याचे थेंब होतात. आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. नांदेडला गोदाकाठी असो वा लातूरच्या माळावर, पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरतात.

म्हणून पेटी घट्ट बंद करण्यापेक्षा तिच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर बारीक जाळी लावावी (मुंग्या आणि गांधीलमाश्या वाटच पाहत असतात). केबल खालूनच आत घ्यावी, तीही आधी लोंबता झोल देऊन, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. पेटीला पांढरा रंग दिला, सावली केली, की तिचा श्वासही लहान होतो. कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरावं. पट्ट्या दाबून बसतात तिथलं ग्रीस बाजूला सरतं, त्यामुळे वीजप्रवाह अडत नाही. व्हॅसलीन मात्र मराठवाड्याच्या उन्हात वितळून वाहून जातं. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर नकोच. तो वास ॲसेटिक आम्लाचा; ते तांबं खातं. त्या शाळेच्या पेटीत नेमकं तेच फासलेलं होतं.

एक गोष्ट राहिली. कॅमेऱ्याला पुष्कळदा याच केबलमधून सुमारे ४८ व्होल्टची एकदिश वीज देतात. मग ओलाव्यात विद्युत अपघटन सुरू होतं आणि कळकणं झपाट्यानं वाढतं. वर्गात हे दाखवायला ९ व्होल्टची बॅटरी पुरे. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या टिपकागदावर तांब्याच्या तारांची दोन टोकं सेंटिमीटरभर अंतरावर टेकवा. काही मिनिटांत एका टोकाशी निळसर-हिरवा डाग उमटेल, दुसऱ्याशी बुडबुडे दिसतील. डाग धन टोकाशी आहे की ऋण, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग नवा कागद घेऊन बॅटरी उलटी जोडायला सांगा.