अणुगर्भावर इलेक्ट्रॉनांचा मारा

वैतरणेचा पूल ओलांडून, सफाळे व पालघर मागे टाकीत गाडी बोईसरास येते, तेव्हा डब्यात तारापूरच्या अणुवीजकेंद्राची गोष्ट निघतेच आणि तिजबरोबर डॉ. होमी भाभांचे नावही. केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. भाभांना ते पाहावयास मिळाले नाही. १९६६ च्या जानेवारीत विमान-अपघातात त्यांचा अंत झाला होता. परंतु पदार्थविज्ञानात त्यांचे नाव चालते ते इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्याच्या एका हिशेबामुळे. सुशिक्षित घरांतूनही तो फारसा ठाऊक नसावा, याचे आम्हांस नवल वाटते.

अणुगर्भ अणूच्या मानाने हजारो पटींनी लहान. त्याचे माप घ्यावयाचे तर त्यावर इलेक्ट्रॉन सोडावयाचे आणि ते कोणत्या दिशेस किती विखुरतात हे मोजावयाचे. इलेक्ट्रॉनाबरोबर एक तरंग असतो; वेग वाढवावा तसतसा तो आखूड होतो. म्हणून वेग प्रचंड हवा, आणि येथेच न्यूटनचे गणित लंगडे पडते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे हॉफस्टॅटर व मॅकॅलिस्टर यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १८८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन व हेलियम यांवर सोडले होते. न्यूटनच्या रीतीने त्यांचा वेग प्रकाशाच्या सत्तावीसपट निघेल! सापेक्षतावादाप्रमाणे ते प्रकाशाहून सेकंदास सुमारे एक किलोमीटरच मागे राहतात.

दुसरा चमत्कार परतण्याचा. इतक्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची स्वतःची भिरकी त्याच्या गतीच्या दिशेशी जखडलेली असते. तो थेट मागे वळावयाचा तर भिरकीही उलटावी लागेल. हेलियमच्या गर्भास स्वतःची भिरकी नसल्याने तो फरक सोसणारा कोणी नाही. म्हणून सरळ मागे येणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. हे गणित मॉट यांनी १९२९ साली डिरॅकच्या सिद्धांतावरून मांडले.

हलक्या गर्भाची आणखी एक खोडी आहे. कॅरमचा स्ट्रायकर पटाच्या कडेवर आदळला तर बव्हंशी तसाच परततो. सोंगटीवर आदळला तर आपल्या गतीचा वाटा तिला देतो. शिसे त्या कडेसारखे. हायड्रोजनचा गर्भ, म्हणजे प्रोटॉन, सोंगटीसारखा. वरील इलेक्ट्रॉन प्रोटॉनावरून मागे फिरला तर पावभराहून अधिक ऊर्जा गमावतो. शिशावरून, हजारात दोन भाग.

हे सारे वजा केल्यावरही मोजलेले इलेक्ट्रॉन, गर्भ बिंदुवत् मानून काढलेल्या संख्येहून कमी भरले. ती तूट हीच गर्भाच्या आकारमानाची खूण! वजाबाकीत चूक झाली असती तर मापही खोटे ठरले असते. हेलियम-गर्भाची त्रिज्या सुमारे १.६ फर्मी आली. फर्मी म्हणजे मिलिमीटरच्या अब्जांशाचा सहस्रांश. हॉफस्टॅटर यांस अशा संशोधनाबद्दल १९६१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

भाभांचा हिशेब याच कुळातला. मात्र गर्भाच्या जागी इलेक्ट्रॉनाचा विरुद्धभारी भाऊ पॉझिट्रॉन. दोघे एकमेकांस ओढून वळवितात एवढेच नव्हे, तर परस्परांस नाहीसे करून पुन्हा जोडीने प्रकटही होतात. हे दोन्ही मार्ग एकत्र धरले पाहिजेत, असे त्यांनी १९३६ साली दाखविले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. पुढे जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात, १९८९ ते २००० पर्यंत, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या किती टकरी झाल्या याची मोजदाद याच भाभा-विखुरण्यावरून ठेवीत.