उजेड आणि आवाज : पाच गैरसमज, पाच वस्तुस्थिती

नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरच्या एमआयडीसीत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने एकदा फक्त बघायला आणि ऐकायला जावे. पत्र्याच्या शेडमध्ये उजेड कुठून येतो, आवाज कुठून बाहेर पडतो, हे तिथे जितके उघड दिसते तितके कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये दिसत नाही. अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय ‘बिल्डिंग सर्व्हिसेस’मध्ये येतात. त्यामुळे दिवे आणि ध्वनिशोषक टाइल्स शेवटी बसवल्या की झाले, असे वाटू लागते. बाकीचे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज १ : उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही.

वस्तुस्थिती : हा नियम कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या देशांत खरा आहे, तोही दुपारपुरता. नागापूर सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याला इथे शून्य सावली दिवस येतो आणि जुलैच्या शेवटी तो पुन्हा येतो. मधले सुमारे अडीच महिने दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला तो पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो. करवती छपराची काच उत्तरेला ठेवली तरी उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येणारच. त्याला आडवा छज्जा पुरत नाही, उभ्या पट्ट्या (फिन) लागतात. दक्षिणेला मात्र छज्जाच कामाचा. तिथल्या ४ फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला, तर मार्च ते सप्टेंबर दुपारचे ऊन काचेवर पडत नाही. डिसेंबरात सूर्य साधारण ४७ अंशांवर उतरतो आणि तेव्हा हवेसे ऊन आत येते.

गैरसमज २ : खिडकी जितकी मोठी, तितका उजेड चांगला.

वस्तुस्थिती : उजेड किती आतवर पोहोचेल हे मुख्यतः खिडकीच्या माथ्याच्या उंचीवर ठरते. ढोबळ हिशेब असा, की माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत कामापुरता उजेड मिळतो. लिंटल ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. खिडकी रुंद केल्याने ही मर्यादा फारशी पुढे सरकत नाही. उलट खिडकीजवळ डोळे दिपतात, त्या तुलनेत आतली बाजू आणखी अंधारी वाटते आणि भर दुपारी पडदे ओढून दिवे लावले जातात. आपल्याकडच्या गणितात आकाशाचा उजेड ८००० लक्स धरतात. त्यातला खोलीत पोहोचणारा वाटा म्हणजे डेलाइट फॅक्टर, तो १ टक्का असेल तर ८० लक्स. शंभर फूट रुंद शेडच्या मधोमध बाजूच्या खिडक्यांतून एवढेही मिळत नाही, तिथे छपरातूनच उजेड घ्यावा लागतो. पण पारदर्शक पत्रा टाकताना त्यातून उतरणारी उष्णता आणि त्यावर साचणारी धूळही हिशेबात धरायला हवी.

गैरसमज ३ : भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावला, की आवाज पलीकडे जात नाही.

वस्तुस्थिती : आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. फोम खोलीतले घुमणे कमी करतो. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागते. म्हणूनच ९ इंची विटांची भिंत पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त आवाज रोखते. ट्रे तर दोन्ही कामांत कच्चे. दुसरी गोष्ट फटीची. भिंतीचा फक्त १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही. दाराखालची फट आणि वायरिंगसाठी पाडलेली भोके आधी बुजवा.

गैरसमज ४ : ८५ डेसिबलची दोन यंत्रे म्हणजे १७० डेसिबल.

वस्तुस्थिती : बेरीज ८८ येते. डेसिबलचे माप लॉगरिदमवर चालते, त्यात ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. हेच उलट बाजूनेही लागू आहे. दोन सारख्या यंत्रांपैकी एक बंद केले तरी मापावर फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसाची मर्यादा औद्योगिक क्षेत्रात ७५, तर निवासी भागात ५५ डेसिबल आहे. हा २० डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत शंभर पट. उघड्यावर एका यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे कंप्रेसर कुठल्या कोपऱ्यात बसणार, हे साइट प्लॅनवरच ठरवायला हवे.

गैरसमज ५ : खोली घुमत असेल तर माइक लावावा.

वस्तुस्थिती : माइकने घुमणेही मोठे होते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइनने शेजारच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री-रात्री मोजमापे घेतली. त्यातून निनादकाळाचे, म्हणजे आवाज थांबल्यावर घुमणे विरायला लागणाऱ्या वेळेचे, सूत्र निघाले : निनादकाळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. आपल्या ओळखीच्या वर्गाला ते लावून पाहू. खोली ९ × ६ × ३ मीटर, म्हणजे घनफळ १६२ घनमीटर आणि आतला पृष्ठभाग १९८ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात, म्हणून एकूण शोषण सुमारे ६ आणि निनादकाळ सव्वाचार सेकंदांच्या वर. माणशी ०.४ धरून ४० विद्यार्थी बसले की शोषण २२ होते आणि निनादकाळ १.२ सेकंदांवर येतो. अर्ध्या छताला ६० टक्के शोषणाऱ्या टाइल्स लावल्या की तो ०.७ सेकंद. आता मागच्या बाकावरही शब्द स्वच्छ पोहोचतो. मुंबईच्या एनसीपीएमधले टाटा थिएटर (१९८०) माइकशिवाय गाणे ऐकता यावे म्हणून बांधले गेले. वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांच्यासोबत ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आराखड्यापासूनच होते.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या आठव्या भागात उजेड आणि ध्वनी या दोन्हींसाठी स्वतंत्र विभाग आहेत, ते वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. पुढच्या ज्युरीला जाताना सेक्शनवर जून आणि डिसेंबरच्या सूर्याचे कोन काढा आणि प्रत्येक मोठ्या खोलीत निनादकाळाचा आकडा लिहा. तो आकडा नसेल, तर ते डिझाइन अर्धेच झाले आहे.